आधी गेम पूर्ण, मग ढब्बू

२ जून, मंगळवार
निश्चय झाला. ढब्बूला भेटायचंच. पहिलीपासूनचा मित्र, आणि त्याची आई जाऊन चार महिने झाले तरी मी त्याच्या दारात पाय ठेवलेला नाही. शाळेत जाताना जी बाई स्वतःच्या मुलाबरोबर माझाही भांग पाडायची, तिला शेवटचं बघायलाही गेलो नाही. त्या दिवशी मला ताप होता. थर्मामीटरवर नव्हता, पण आतून होता.
ढब्बू एकटा. आता आईचं घर विकून बहिणीच्या शहरात कायमचा चाललाय. १४ला सामान हलवणार, १७ला निघणार. म्हणजे वेळ भरपूर आहे.

३ जून, बुधवार
आज जाणार होतो. पण लेकीने लॅपटॉपवर एक गेम दाखवला. दोन लहान मित्र, एक मोठं जुनं घर. एक मुलगा काळात मागे जातो, दुसरा पुढे. दोघं एकाच वेळी दाराशी पोचले तरच दार उघडतं. अशी चोवीस दारं.
खेळता खेळता डोळे भरून आले. वाटलं, हेच हवं होतं. लहानपणीचं सगळं आठवेल, मन मोकळं होईल, ढब्बूशी काय बोलायचं ते आपोआप सुचेल. तेव्हा आधी गेम पूर्ण, मग ढब्बू. याला पळवाट म्हणत नाहीत, पूर्वतयारी म्हणतात.

५ जून, शुक्रवार
सहा दारं झाली. ही म्हणाली की तुम्ही निदान फोन तरी करा. मी म्हटलं, अशा गोष्टी फोनवर होत नाहीत. मग जा, म्हणाली. हिला बारकावे कळत नाहीत.
ही स्वतः दोनदा जाऊन आली त्याच्याकडे. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही म्हणे. याचा अर्थ स्पष्ट आहे. राग धरलाय. बरोबरच आहे त्याचं.

६ जून, शनिवार. दुपारी ४
ऑफिसातून लिहितोय. वॉशिंग मशीन कंपनीच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं काढली. दिवसाला चाळीस लोकांची माफी मागतो. तीही मी न केलेल्या चुकांची. मग एका मित्राची मागायला काय अवघड आहे?
बसल्या बसल्या ढब्बूला मेसेज टाईप केला. हाताला लागलेली सवय वाईट. पाठवल्यावर वाचला: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, आपले सहकार्य असेच राहू द्या.
लगेच डिलीट केला. 

४.२०
ढब्बूने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलंय. उत्तर दिलं नाही. प्रत्यक्षच भेटणार आहे ना.

८ जून, सोमवार
नवव्या दाराशी अडकलो. पुढे जाणारा मुलगा दाराशी उभा राहून वाट बघतो आणि मागचा काही पोचत नाही. दोन तास गेले. त्या वाट बघणाऱ्याचं तोंड बघवेना. लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला.

१० जून, बुधवार
लेकीने नववं दार दोन मिनिटांत उघडलं. म्हणाली, बाबा, सोपं आहे, मागच्याला आधी निघू द्यायचं.
विचारात पडलो. मागच्याला आधी निघू द्यायचं. म्हणजे पुढाकार ढब्बूने घ्यायला हवा! हे हिला सांगितलं.  भाजी चिरत होती, ती जरा जोरात चिरायला लागली.

१२ जून, शुक्रवार
ढब्बूने पुढाकार घेतला. स्वतःहून फोन केला. मी वाजणाऱ्या फोनकडे बघत बसलो आणि तो वाजायचा थांबला. मग मेसेज आला: रविवारी कपाट उचलायला येशील का, दुसरं कुणी नाही.
एवढं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. उगाच कारणं कशाला द्या, मी घाबरट माणूस आहे. त्याच्या रडण्याला घाबरलो, मग माझ्या न जाण्याला घाबरलो, आणि मग दिवस वाढत गेले.
येतो, असं कळवलं. चौदा ओळींची माफी कागदावर लिहून काढली. यात 'दिलगीर' शब्द एकदाही नाही. गेम एकविसाव्या दारावर थांबवलाय.

१४ जून, रविवार. संध्याकाळी ७
जाऊन आलो.
ढब्बू केवढा वाळलाय. कपाट दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं. माझी कंबर गेली, पण बरं वाटलं. मग रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलो. बहीणही होती. मी खिशातला कागद चाचपला आणि म्हटलं, ढब्बू, त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं.
त्याने मला थांबवलं. म्हणाला, काही बोलू नकोस, मी बघितलं होतं तुला. गर्दीत अगदी मागे, फाटकापाशी उभा होतास, पाठमोरा. सगळे येऊन काही ना काही बोलत होते, तू एकटाच गप्प राहिलास. तुला बघितलं आणि मला धीर आला.
बहिणीकडे वळून म्हणाला, हा बघ, सांगितलं होतं ना मी.
मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. कोण होता तो फाटकापाशी, देव जाणे. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.
मी म्हणालो, हो.
घरी आलो तर ही दारातच. झालं का बोलून, म्हणाली. यालाही हो म्हणालो. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा केला, कंबरेला मलम चोळून दिलं. मला तो हात पाठीवर सहन होईना.

१५ जून, सोमवार
बुधवारी तो निघायच्या आत सगळं खरं सांगणार. यात आता बदल नाही. गेमला हात लावलेला नाही. (एकच दार उघडलं.)

१७ जून, बुधवार. सकाळी ९
मी फोन करणार तेवढ्यात त्याचाच आला. या वेळी पहिल्या रिंगला उचलला. तो गाडीत बसला होता. मी म्हटलं, ढब्बू, एक सांगायचं राहिलं. तो म्हणाला, आधी माझं ऐक. आई गेली त्या दिवसाचं मला दुसरं काहीच आठवत नाही, फक्त तू आठवतोस. ते मी जन्मभर विसरणार नाही.
मग म्हणाला, हां, बोल, तुझं काय?
मी म्हणालो, अरे, त्यात काय एवढं!