रेणूचं अधलंमधलं वर्ष

शिकागो
२१ ऑगस्ट २००५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. मी सुखरूप पोचले. संग्राम आणि कुशल फ्रिस्कोच्या घरून ड्राइव्ह करत मला सोडायला आले होते. संग्रामने खोलीत पलंग लावून दिला, कुशलने खिडकीवर डायनासोरचं स्टिकर चिकटवलं आणि दोघं परत गेले. सहा वर्षांचं पोर घरी ठेवून मी एकतिसाव्या वर्षी होस्टेलला आले, हे अजून माझंच मला खरं वाटत नाही.

मी नेमकं काय शिकते असं तुम्ही विचारलं होतं. मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. इथे बारावीनंतर थेट मेडिकलला जात नाहीत. आधी डिग्री लागते. माझी नागपूरची बी.एस्सी. आणि डॅलसला संध्याकाळी केलेले कोर्स, दोन्ही मिळून त्यांना कमीच वाटले. म्हणून हे एका वर्षाचं एम.एस., म्हणजे आपल्याकडची एम.एस्सी. यात आम्हाला मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये बसवतात. तीच लेक्चरं, तेच पेपर. त्यांच्या सरासरीच्या वर राहिलो तर हेच कॉलेज इंटरव्ह्यूला बोलावतं. खाली गेलो तर वर्षही गेलं आणि बहुतेक मेडिकलही. म्हणजे मी मेडिकलच्या वर्गात आहे, पण मेडिकलला नाही. समजलं का? मलाही पूर्ण समजलेलं नाही.

तब्येतीला जपा. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
तुमची,
रेणू

नागपूर
१८ सप्टेंबर २००५

चि. सौ. रेणूस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. ते हाती पडण्याआधीच माझ्याकडून एक घोळ होऊन बसला होता. रविवारी विहारात मी सगळ्यांना सांगून टाकलं की आमची सून अमेरिकेत एम.एस. करते. आपल्याकडे एम.एस. म्हणजे सर्जन. शेजारच्या सुमित्राबाई पित्ताशयातल्या खड्यांची सोनोग्राफी घेऊन घरी हजर! एकनाथरावांनी विचारलं की तू सुट्टीत आलीस तर त्यांच्या हर्नियाचं बघशील का. मी घरोघर खुलासा करत फिरलो आणि करता करता मलाच कळेनासं झालं की तू डॉक्टर होण्याच्या अलीकडे आहेस की पलीकडे.

संग्रामला फोन केला तर तो म्हणतो, सगळं ठीक आहे, आणि फोन कुशलच्या हातात देतो. कुशल म्हणतो, गुड. तुमच्या घरात सगळंच गुड असतं, त्यामुळे मला काहीच समजत नाही. तू खरं काय ते लिहीत जा.

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हाताऱ्याची आठवण ठेव.
तुझा,
बाबा

शिकागो
१३ नोव्हेंबर २००५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

खरं लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. अ‍ॅनाटॉमीत मी कशीबशी सरासरीला टेकले. फिजिऑलॉजीत खाली गेले, बरीच खाली. मग अ‍ॅडव्हायजर बाईंनी बोलावलं. फार गोड बोलल्या. मी खूप मेहनत घेतेय, माझं फाइन चाललंय, आता मी माझ्या ऑप्शन्सचा विचार करावा, असं म्हणाल्या. मला वाटलं, पुढच्या सत्रात ऐच्छिक विषय असतील. मी आनंदात ऑफिसात जाऊन त्यांची यादी मागितली. तिथल्या माणसाला काही कळेना.

माझ्या शेजारी ईशान बसतो. बावीस वर्षांचा, न्यू जर्सीत जन्मलेला, आई-वडील सांगलीचे. मोडकं मराठी बोलतो, मला ताई म्हणतो. त्याला हे सांगितलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, ताई, शी इज टेलिंग यू टु लीव्ह.

मी जिन्यातच बसले. हसतमुखाने कुणी जा म्हणतं, हे मला कुठून माहीत असणार?

इथे कुणी कुणाला नोट्स दाखवत नाही. घोळक्याने अभ्यास करतात, पण मला कुणी बोलावत नाही. परवा कुशलने फोनवर विचारलं, आई, आर यू विनिंग? संग्रामला विचारलं, परत येऊ का? तो म्हणाला, तुला वाटेल तसं कर. ही मोकळीक आहे की राग, मला ओळखता येत नाही. नऊ वर्षांचा संसार आहे बाबा, आणि ओळखता येत नाही!

तुम्हीच सांगा, परत जाऊ का? तुमच्या शब्दाची वाट बघते.
गोंधळलेली,
रेणू

फ्रिस्को
२२ जानेवारी २००६

चि. सौ. रेणूस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

परत जाऊ का असं तू विचारलंस. उत्तर लिहीत बसण्यापेक्षा मीच इकडे आलो. आता जूनपर्यंत कुशलची काळजी तू करायची नाहीस.

पहिल्या दिवशी मी त्याला आणायला शाळेत चालत गेलो. तिथे सगळ्या गाड्याच गाड्या, पायी मी एकटा. एका बाईंनी फार प्रेमाने विचारलं की मी हरवलोय का. हरवलोच होतो, पण नाही म्हणालो. कुशल भाकरी केचपशी खातो. मी बघत नाही. मी मराठीत बोलतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांचं बरं चाललंय.

संग्रामला मी सरळच विचारलं, तुझ्या मनात काय आहे? हातातली भांडी त्याने घासून पुरी केली. मग म्हणाला, मी ये म्हटलं तर मी तिला अडवलं असं होईल. राहा म्हटलं तर उद्या कुशल म्हणेल, तुम्हीच आईला दूर ठेवलं. म्हणून तो काहीच म्हणत नाही. मला हे पटलं नाही, पण त्यात चूकही दाखवता येईना. राग मात्र नाही, एवढं मी बापाच्या नजरेने सांगतो.

आता जुना शाळामास्तर म्हणून सांगतो. एकटीने वाचू नकोस. त्या ईशानला धर. आणि त्या बाई तोंडावर जा म्हणाल्या नाहीत ना? मग तुला ते कळलंच नाही, असं सोंग आणखी काही महिने करता येईल.

धीर सोडू नको.
तुझा,
बाबा

शिकागो
१४ मे २००६

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सोंग वठलं! अ‍ॅडव्हायजर बाई भेटल्या की मीही गोड हसायचे. ईशानला फिजिऑलॉजी पाठ होती, पण मायक्रोबायोलॉजीत तो अडकायचा. तो मला हृदय समजावायचा, मी त्याला जंतू. भराभर बोलायला लागला की मी त्याला मराठीत सांगायला लावायचे, मग आपोआप हळू व्हायचा. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं की एका सीटसाठी भांडणारी दोघं एकमेकांना शिकवतात. या सत्रात मी एक विषय सोडून सगळ्यांत सरासरीच्या वर आहे. ईशान माझ्याही वर.

त्यावर इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. तिथे विचारलं, इतक्या उशिरा का आलात? मी छान उत्तर पाठ केलं होतं, ते विसरले. म्हटलं, उशीर झालाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

काल निकाल आला. आम्ही दोघंही अल्टर्नेट लिस्टवर. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. कुणी सीट सोडली तर बोलावतील, ऑगस्टपर्यंत कधीही. रडायचं की पेढे आणायचे, तेच समजत नाही.

शनिवारी घरी येतेय. मग समक्ष बोलूच.
तुमची,
रेणू

फ्रिस्को
३० जुलै २००६

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही नागपूरला परतलात तसं कुशल दिवसभराच्या गोष्टी कुणाला सांगाव्यात म्हणून माझ्यामागे फिरतो, आणि मी फोनमागे. गुरुवारी दुपारी फोन आला. बाबा, मला सीट मिळाली. मेडिकलला. खरोखरची.

मी लगेच ईशानला फोन लावला, दोघांनाही मिळाली असेल असं धरून. त्याला फोन आलेला नव्हता. एकच जागा रिकामी झाली होती म्हणे. त्याचे मार्क माझ्याहून जास्त, मग मी का? माझं वय, तो हसवणारा इंटरव्ह्यू, की आणखी काही? कॉलेज कारण सांगत नाही. ईशान म्हणाला, ताई, आय अ‍ॅम हॅपी, रिअली. पण त्याच्या हॅपीचा अर्थ मला लावता येईना. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार म्हणाला. फोन ठेवल्यावर आधी रडले, आणि ते नेमकं कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी संग्रामला सांगितलं. शिकागोत आणखी चार वर्षं, हेही सांगितलं. तो बाहेर जाऊन लॉन कापायला लागला. बाबा, लॉन त्याने आदल्याच दिवशी कापलं होतं. मी खिडकीतून बघत उभी राहिले. वाटलं, संपलं; उद्या कॉलेजला नकार कळवावा.

घामाघूम होऊन तो आत आला, उभ्यानेच पाणी प्यायला आणि विचारलं, तिकडे बर्फ पडलं की कुशलच्या शाळेला सुट्टी मिळेल का?

मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, विचारून ठेव.

नव्या घराचा पत्ता मिळाला की कळवते. आमच्या तिघांवर माया असू द्या.
तुमची,
रेणू