पोरीचं अडीच महिन्यांचं कॉलेज

बाबा, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. नातीचा दहावीचा निकाल दोन महिन्यांनी चुकला तुमचा. एका परीने बरंच झालं, निकाल बघितला असता तर पुढचंही बघावं लागलं असतं. मी चौथी शिकलेली, लिहायला वेळ लागतो, म्हणून फिरवून सांगत नाही. तिचं कॉलेज अडीच महिन्यांत सुटलं, आणि ते माझ्यामुळे सुटलं. लोकांना मी सांगते की पोरीचंच मन लागलं नाही. तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार?

उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावी कॉमर्सला नाव घातलं. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आपल्या चाळीतून कॉलेजात जाणारी ती पहिली पोरगी. पहिल्या दिवशी नवा ड्रेस घालून गेली आणि संध्याकाळी तोंड पाडून आली. सर इंग्रजीत शिकवतात, पोरं हिंदीत बोलतात, सिंधी पोरी आपसात सिंधीत बोलतात, आणि मराठी शाळेत पहिली येणारी ही शेवटच्या बाकावर. हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणायचं, दिवसभरात तेवढंच तोंड उघडायचं. शाळेसारखी जेवायची सुट्टी नाही, डबा कधी उघडायचा तेच तिला कळेना, म्हणून भाकरी रोज तशीच परत. मी चिडायचे. एकदा जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, मला तिथलं काहीच समजत नाही गं.” मी शर्टाला बटणं लावत होते, मान वर केली नाही. म्हटलं, “बाकीच्यांना समजतं, तुझ्याच डोक्यात काय भुसा भरलाय?” त्यानंतर तिने मला काही सांगितलं नाही. सकाळी उशी ओली असायची. मी ती उन्हात टाकायचे आणि कामाला लागायचे.

मग ऑगस्टच्या शेवटी डबा रिकामा यायला लागला. कोणी मैत्रीण भेटली असेल. मी विचारलं नाही, मला कुठे वेळ होता.

त्या दिवशी मी बटणांचं काम देणाऱ्या शेठकडे तयार शर्टांचा गठ्ठा टाकून कॉलेजच्या रस्त्याने परत येत होते. अकरा वाजले असतील. बघते तर ही पायऱ्यांवर बसलेली. बाजूला दोन पोरी, समोर एक पोरगा, हिच्या मांडीवर वही. पोरगा वहीत बोट ठेवून काहीतरी बोलत होता आणि ही हसत होती. कॉलेज सुरू झाल्यापासून घरात हसली नव्हती.

बाबा, तुम्ही शाळेचे शिपाई. घंटा द्यायची, गेट लावायचं, बाहेर रेंगाळणाऱ्यांना कान धरून वर्गात न्यायचं, हे बघत मी मोठी झाले. शिकायच्या वेळेला पोर वर्गाबाहेर दिसलं म्हणजे ते पळालेलं, एवढंच मला ठाऊक. गठ्ठ्याचं फडकं खांद्यावर टाकलं, सरळ पायऱ्या चढले आणि सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली दिली. ती म्हणाली, “आई, ऑफ लेक्चर आहे. सर आले नाहीत.” मी म्हटलं, सर नाहीत तर घर आहे, पोरांत बसून दात काढायला कॉलेजात घातलं नाही तुला. तो पोरगा मध्ये पडला, “आंटी, मैं अकाउंट समझा रहा था.” त्याला म्हटलं, तू तुझ्या आईला समजव. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिथून हाताला धरून तिला अंबरनाथपर्यंत चालवत आणलं.

दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी सुई घेतली आणि माझ्यासमोरचा शर्ट आपल्याकडे ओढला. पायऱ्यांवरच्या त्या पोरींतली एक वह्या घेऊन घरापर्यंत आली होती, तर ही मोरीत जाऊन बसली. दिवाळीच्या आधी पहिल्या टर्मची परीक्षा झाली. ती दिली नाही, ते नाव तिथेच संपलं.

तुम्हीही मला एकदा मारलं होतं, आठवतं? तिसरीत असताना चिंचा पाडत बाहेर राहिले म्हणून, सगळ्या शाळेसमोर. पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच माझं बोट धरून वर्गात नेलंत, आणि बाईंना सांगितलंत की हिला आज काही बोलू नका. मी फक्त मारायचं शिकले तुमच्याकडून.

आता ती बदलापूरला सोनिवलीत दिली आहे. मी गेले की ताटात गरम वाढते, पाणी देते, बस म्हणते. भांडत नाही. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मागच्या पौर्णिमेला विहारात शेजारी बसलो होतो, तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. तिने विचारलं, “पाय दुखतायत का?” मी हो म्हटलं.

हे कागद तिला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत कुठून पोचणार. पण एक राहिलं. मारलं त्याच संध्याकाळी शेजारच्या पोराने, तो कल्याणला कॉलेजात जायचा, मला सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणाला, मावशी, सर नसले की मुलं बाहेरच बसतात, त्यात काही वाईट नाही. ती आत भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिने ऐकलं. उद्या जा, मी येते सोबत, एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. लाज वाटली म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. ती माझ्यासारखीच सुई घेऊन समोर बसली तेव्हा मला बरं वाटलं होतं.