मागच्या रांगेतला ढोलवाला

पांढरेदात वन्संना इबादानहून भावजयीचा गुडघे टेकून नमस्कार. (सासरच्या माणसांना खऱ्या नावाने हाक मारायची नाही म्हणून लग्नात ठेवलेलं हे नाव तुम्ही आजी झालात तरी बदलणार नाही. दात किती उरले ते कळवा.) कंबर कशी आहे? माझं बरं चाललंय. अजून दोघांपुरता कंदाच्या पिठाचा आमाला घोटते आणि उरलेला शेजारणीच्या कोंबड्यांना घालते. कोंबड्या चांगल्या माजल्यात.

तुमच्या भावाला जाऊन वर्ष झालं. वर्षाच्या प्रार्थनेची पत्रकं भिंतींवर लावायची तर त्यांवर तोंड हवं. ह्यांनी गावातल्या यच्चयावत गायकांची तोंडं तबकड्यांच्या कव्हरांवर रंगवली, (मी वाचायला त्या कव्हरांवरच शिकले, म्हणून माझी अक्षरं अजून नाचतात) पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसले नाहीत. ह्यांचं तोंड एकाच कव्हरावर होतं. गायक बाबा ओलोजेडेंचा ढोलवाला चित्राच्या दिवशी टोपीवरून भांडून निघून गेला, तेव्हा रांगेत भोक दिसू नये म्हणून ह्यांनी त्याच्या जागी स्वतःला रंगवलं. ढोल धरतात काखेत. ह्यांनी धरलाय छातीशी, तान्ह्या बाळासारखा. लोक हसले, तबकडी खपली नाही.

ते कव्हर मी छापखान्यात दिलं आणि माझा माणूस ह्यातच आहे, एवढंच सांगितलं. छापणाऱ्याने मधला, सगळ्यात मोठ्या टोपीचा माणूस कापून घेतला. कोणती बायको आपल्या नवऱ्याला मागच्या रांगेत ठेवील, असं त्याचं म्हणणं. अशा रीतीने डुग्बे बाजारापासून मोकोलापर्यंत बाबा ओलोजेडेंचं वर्ष घातलं गेलं. त्यांच्या तिन्ही बायका दुखवट्याच्या कापडाच्या रंगावरून भांडत असताना ते स्वतः ढोलवाल्यांसकट माझ्या दारात आले.

"बाई, मी मेलो ते निदान मला तरी कळवायचं," म्हणाले.

मी गुडघे टेकून माफी मागितली, वाढलं. मेलेल्या माणसाच्या मानाने बरेच जेवले. मग हात धुता धुता म्हणाले, "ढोलाला अंगाई गाणारा तुझा तो माणूस. त्याच्यामागे माझं कव्हर कोणी धड काढलं नाही." आणि ढोलवाल्यांना खूण केली. वन्सं, आपला ढोल बोलतो हे तुम्हाला मी काय सांगायचं. जे नाव मी जन्मात घेतलं नाही ते माझ्या अंगणात त्याने तीनदा घेतलं. मी आत जाऊन भांडी घासत बसले. भांडी घासलेलीच होती.

वन्सं, जपून असा.

तुमची भावजय

ता. क. मोठ्या टोपीची पत्रकं ढीगभर उरली आहेत. पाठची बाजू कोरी आहे, हे पत्र तिच्यावरच लिहिलंय. उलटून बघून घाबरू नका.

ता. क. उरलेल्या कव्हरावर छापणाऱ्याने खळीचा डबा ठेवला होता. मागची रांग खळीत गेली. मागच्या खेपेला तुमच्या कसाव्याच्या गारीच्या डब्यावर झाकण म्हणून हेच कव्हर पाहिलं होतं. डब्याला दुसरं झाकण बघा आणि ते पाठवा. तबकडी नको, माझ्याकडे ग्रामोफोन नाही. घडी घालू नका, नेमकी ह्यांच्या गळ्यावरून जाईल.

ता. क. प्रार्थना गेल्या शुक्रवारीच झाली. पत्रकासाठी आता नको आहे. तरी पाठवा.