येझडी कोणाकोणाला सुरू करता येते

मी, धम्मरत्न भाऊराव सिरसाट, वय सेहेचाळीस, शेगाव येथील एका महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. 'पूर्ण शुद्धीत' लिहिताना थोडा थांबलो. गाव मला बावीस वर्षे 'येझडीवरचा येडा' म्हणते. ते गाडीबद्दल आहे, बुद्धीबद्दल नाही, असे मी धरून चालतो. येत्या मंगळवारी नागपूरला निघायचे आहे. गुरुवारी हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धीर दिला आहे, पण सध्या धीर धरायलाही दम लागतो. म्हणून हे आजच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वडिलोपार्जित घराचा माझा अर्धा हिस्सा, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतील शिल्लक पत्नी मंजुश्री हिला मिळावी. आई भिमाबाई हयात असेपर्यंत पुढच्याच खोलीत राहील. तिची खाट खिडकीपासून हलवू नये. अंगण माझे आणि धाकटा भाऊ संघर्ष याचे सामाईक आहे. त्यात भिंत घालू नये. गेली अकरा वर्षे भिंत न घालताही आम्ही दोघांनी ती पाळली. एकमेकांना काही सांगायचे तर आईच्या तोंडून.

२. माझी पुस्तके मुलगी समता हिला. त्यांतल्या तीन पुस्तकांवर महाविद्यालयाचा शिक्का आहे; ती परत करावीत. ग्रंथपालाने असे करायला नको होते.

३. माझ्या बावीस डायऱ्या. त्या मंजुश्रीने वाचाव्यात की जाळाव्यात, हे मला ठरवता आलेले नाही. तिनेच ठरवावे. वाचल्याच, तर मी तिच्याशी बोललो त्याहून त्यात जास्त आहे, याचा राग मानू नये.

४. आमच्या कार्यालयातले रामराव यांना मी माफ केले आहे. त्यांना हे कळवण्याची गरज नाही. गाडी घेतली त्या आठवड्यात ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सर, गाडी विकत घेतली का दत्तक घेतली?" तेव्हा मला राग आला. आता वाटते, त्यांनी बरोबर ओळखले होते.

गाडी म्हणजे १९८९ची येझडी मोटरसायकल. २००३ साली खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या निवृत्त मुनीमजींकडून घेतली. तिचा कारखाना त्याआधीच बंद पडला होता. तेव्हा महाविद्यालयाच्या शेडमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच काळ्या रंगाच्या सव्वीस गाड्या उभ्या असत. त्या वाईट नव्हत्या. पेट्रोल कमी पीत, आणि त्यांचा बल्ब आमच्या गावात किराणा दुकानातही मिळे. माझ्या गाडीच्या साध्या केबलसाठी खामगावला जहांगीर मिस्त्रींकडे जावे लागे, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून टाकावे लागे. मग हीच का? लोकांना मी कारणे सांगत आलो: आवाज, वजन, जुने लोखंड. ती खोटी नाहीत, पण खरे कारण डायरीतही उशिरा लिहिले. पूर्वी नव्या गावात गेलो की लोक आधी आडनाव विचारत आणि ते ऐकून माझी जागा ठरवून टाकत. येझडी आल्यावर ते आधी गाडी विचारू लागले. कोणते मॉडेल, कुठून मिळाली, देता का. गाडीबद्दल अर्धा तास बोलून चहा झाल्यावर आडनाव निघे, आणि तोवर उशीर झालेला असे. मी येझडीवाले सर झालो होतो. सव्वीस गाड्यांपैकी एखादी घेतली असती तर हे झाले नसते. अशा गाड्या बाळगणारे मला पुढे बरेच भेटले. प्रत्येकाचे कारण वेगळे, पण जे विचारायला नको ते लोकांनी विचारू नये म्हणून दारात काहीतरी उभे करून ठेवलेले, एवढे सारखे.

हे इथपर्यंत ठीक होते. पुढचे ठीक नाही.

५. येझडीला किक आणि गिअर यांची दांडी एकच असते. ती आधी आत दाबायची, मग वर फिरवायची, मग किक मारायची. गाडी सुरू झाली की तीच दांडी परत खाली येऊन गिअर होते. न दाबता पाय मारला तर नुसता गिअर पडतो. गाडी आणली त्या दिवशी सगळ्या आळीने पाय मारून पाहिले, कोणाला जमले नाही, आणि मी हसत उभा होतो. वडीलही हसले. संघर्ष तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो म्हणाला, "दादा, मले शिकव ना." मी म्हणालो, "तुले जमणार नाही बे." पुन्हा दोनदा त्याने विचारले. मी तेच म्हणालो. माझ्याशिवाय ती कोणालाच सुरू होत नाही, हे सांगण्यात मला गोडी होती.

एप्रिल २०१४मध्ये मी एसटीने अमरावतीला गेलो असताना भरदुपारी वडिलांच्या छातीत कळ आली. संघर्षची गाडी पंक्चर होऊन दुकानात पडली होती. अंगणात माझी येझडी होती आणि खिळ्याला तिची चावी. तो वीस मिनिटे पाय मारत राहिला. प्रत्येक वेळी गिअर पडत होता. शेवटी शेजारचे कडूबा शेतातून त्यांची गाडी घेऊन आले. तोवर उशीर झाला होता. वीस मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा ते म्हणाले, सांगता येत नाही. संघर्ष मला एकच वाक्य बोलला: "दादा, तुह्या शौकापायी बा गेला." त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी गाडी विकलीही नाही. विकली असती तर त्याचे म्हणणे कबूल केल्यासारखे झाले असते, असे तेव्हा वाटले. आज वाटते, कबूल करायलाच हवे होते, गाडी ठेवूनही.

६. म्हणून ही येझडी, तिची कागदपत्रे, पाने-पक्कड आणि सुट्या भागांची पेटी भाऊ संघर्ष भाऊराव सिरसाट याला मिळावी. <s>त्याला ती सुरू करता येत नसल्याने समताने त्याला शिकवावे.</s>

वरील कलमातले दुसरे वाक्य मी स्वतः खोडले आहे. त्याचे कारण नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी शंका घेऊ नये.

आज सकाळी साक्षीदार म्हणून जहांगीर मिस्त्रींचा मुलगा आसिम खामगावहून आला. गॅरेज आता तोच चालवतो. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी सांगितल्याने या कागदात त्याच्यासाठी काही नाही, याची मला खंत आहे. साक्षीदाराने फक्त सहीची साक्ष द्यायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नाही, हे मी त्याला सांगितले. तरी त्याने वाचला, आणि पेन खाली ठेवले.

"सर, हे कलम खोटं आहे. खोट्यावर सही कशी करू?"

मी विचारले, खोटे काय. त्याने आधी आईच्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाला, "संघर्षभाऊले येते येझडी. तुमचे वडील गेले त्याच साली शिकले. कापूस विकून झाला का गॅरेजवर यायचे, गिऱ्हाइकाच्या गाडीवर किक मारत बसायचे. अब्बा म्हणे, आता काऊन शिकून राह्यला बेटा? तर पुन्हा किक मारायचे. मले कसम घातली होती, दादाले सांगजो नको."

पुढचे समताने सांगितले. सहा महिन्यांपासून मला किक मारायला मनाई आहे, म्हणून समताला मी शिकवले. मी तपासणीला अकोल्याला गेलो की संघर्ष अंगणात येऊन गाडी दहा मिनिटे चालू ठेवतो, फडक्याने पुसतो आणि दांडी होती तशी ठेवून जातो. आई खाटेवरून पाहते. तिलाही शपथ आहे.

मी ऑगस्टची डायरी काढून पाहिली. त्यात लिहिले आहे: 'समताने गाडी सुरू करून दाखवली. इतके दिवस उभी असून पहिल्या किकला. चांगली यंत्रे मालकाला विसरत नाहीत.' या वाक्यावर मी त्या दिवशी खूश होतो. तेही खोडले आहे.

कलम सहा आता असे वाचावे: येझडी संघर्षला मिळावी. त्याला ती सुरू करता येते. अट एकच, कोणी शिकव म्हणाले तर त्याने शिकवावे.

हा कागद मी गेल्यावर उघडायचा आहे. पण सहावे कलम तोवर थांबवणे मला बरोबर वाटत नाही. मंगळवारी शेगाव स्टेशनपर्यंत मंजुश्रीने भाड्याची मोटार सांगितली आहे. ती सामान घेऊन त्यातून जाईल. मी सही झाल्यावर अंगण ओलांडून जाणार आहे आणि आईला मध्ये न घालता विचारणार आहे, मला स्टेशनवर सोडशील का. बावीस वर्षांत मी त्या गाडीवर मागे कधी बसलेलो नाही. पाय कुठे ठेवायचे, तेही त्यालाच विचारावे लागेल.

खाडाखोड एकूण एक, कलम सहामध्ये. तिथे माझी आद्याक्षरे आहेत. बाकी मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

लिहून ठेवणार: धम्मरत्न भाऊराव सिरसाट (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. आसिम जहांगीर शेख, राहणार खामगाव (सही, दुरुस्ती वाचून)
२. कडूबा नामदेव वाघ, राहणार वरवट बकाल (सही)

स्थळ: वरवट बकाल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५