एका म्हातारीची दोन घरं

॥ श्री ॥
मालवण, १७ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप नर्मदाअक्कास मथुरेचा शि. सा. न. वि. वि.

तर चतुर्थीला आधी आला तो टीव्ही, माणूस मागून. टेम्पोवाला कुडाळहून भलामोठा खोका घेऊन दारात उभा आणि आमचा नातू सिद्धेश पुण्याहून निघालेला तो अजून घाटातच. शेजारची पूजा खोका बघून म्हणाली की काकी, ह्याच्यात गणपती मावतलो गो, मूषकासकट. तू यायला हवी होतीस. दोन वर्षं झाली, कान गेले म्हणून कुणी येणंजाणं सोडतं का? काळ्या वाटाण्याची उसळ तुझ्या वाटणीची मीच खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसले.

सिद्धेश परत जाताना तुझ्याकडे जामसंड्याला उतरला, तुझ्या टीव्हीलाही त्याने तेच मालिकांचं ॲप जोडून दिलं ना? त्याचे पैसे तोच भरतो, आपण फक्त बघायचं. तुझ्यासाठी खाली अक्षरं येतील असंही करून दिलंय म्हणाला.

परवा रविवारी मी सिद्धेशने सांगितलेली चहाच्या मळ्याची मालिका लावली. आठच भाग आहेत. दर रविवारी दुपारी एकेक बघायचा. सून रश्मी पहिल्या चित्रावर दाबून देते आणि आपल्या अंगणवाडीची वह्या-रजिस्टरं घेऊन बसते. अक्का, काय तो म्हातारा मळेवाला! वाढदिवस होता त्याचा, केक कापला, नाचलासुद्धा. अगदी आपले बाबा. थोरली सून मात्र मला बरी वाटेना. दुधाचा पेला देताना ती हसते, पण डोळे हसत नाहीत. त्याने तुलाही हीच सांगितलीय, बघत राहा, म्हणजे लिहायला विषय होईल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही.

तुझ्या लेकीस शर्मिलेस आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मथुरा

॥ श्री ॥
जामसंडे, २४ सप्टेंबर

चि. मथुरेस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर पाहून वाटलं, मुंगी शाईत पडून कागदावरून चालली. तिसरीत शाळा सोडलीस, त्याचं हे फळ.

मालिका लावली. तुझं पत्र यायच्या आधीच्या रविवारीच. शर्मिला रविवारी संध्याकाळी दुकान बंद करून आली की वरचं चित्र दाबते. मथुरे, मला काही समजेना. तो म्हातारा सुरुवातीलाच दरीत कोसळला. वाढदिवस कुठला, केक कुठला, मी पाहिलाच नाही. हा कोण, ती कोण, कोण कुणाचा झील, कोण कुणाची लेक, सगळा गोंधळ. पुढच्या रविवारी तर पोलीस एका डॉक्टराला ओढत नेत होते आणि थोरली सून म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसलेली. खुर्चीवर कधी चढली?

कान गेले तेव्हा म्हटलं, असू दे, डोळे आहेत. आता अक्षरं वाचूनही कळत नसेल तर काय गो करायचं? शर्मिलेला मी सांगितलं की छान आहे मालिका. चारचौघांत नाही कळलं की हसायचं, ती सवय झाली आहे. म्हणून कुठे येत नाही. तुला म्हणून लिहिलं.

थोरली सून मला आवडली. घर तीच सांभाळते.

घरच्यांस आशीर्वाद. आठवण ठेव, एवढं मागते.
नर्मदा

॥ श्री ॥
मालवण, ३० सप्टेंबर

तीर्थस्वरूप अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रश्मीकडून दोनदा वाचून घेतलं, मग तिला बाहेर पाठवून तिसऱ्यांदा स्वतः अडखळत वाचलं. मला म्हणून लिहिलंस, तर मीही तुला म्हणूनच लिहिते.

अक्का, म्हातारा दरीत कधी पडला? मी पाहिलं तेव्हा त्याच्या फोटोला सरळ हारच घातलेला! मागच्या रविवारी नाचत होता. आणि डॉक्टर, तो बिचारा गोळ्या वाटत फिरायचा, तो काल बघते तर गजांच्या आत. पोलिसांनी नेलेला मी पाहिलेलाच नाही. तू पाहिलास. म्हणजे दाखवला. म्हणजे माझ्याही डोळ्यांसमोरून गेला असणार, आणि राहिला नाही.

आपली आई आठवते ना? हात धुऊन उठायची आणि विचारायची की आज माका कोणी जेवूक वाढूचा नाय काय. शेवटी तुला ओळखेना, मला तर बाजारातली मासेवाली म्हणायची. माझी सुरुवात झाली वाटतं.

रश्मीला सांगितलं नसतं, पण तिनेच विचारलं की आई, टीव्ही चालू असताना रडताय का. मग सांगावं लागलं. तिने दसऱ्यानंतरच्या सोमवारी कुडाळच्या डोक्याच्या डॉक्टराकडे नंबर लावलाय. बदाम भिजत घातलेत, रोज पाच. मी सहा खाते, लागलीच बरं वाटावं म्हणून.

आता मालिका बघायची नाही असं ठरवलंय. दर रविवारी आपली परीक्षा कोण घेईल? तूच बघ आणि मला लिही. विसरले तर कागद तरी राहील.

शर्मिलेला यातलं बोलू नको. मी विसरले तरी तू लोभ विसरू नको.
मथुरा

॥ श्री ॥
जामसंडे, ७ ऑक्टोबर

चि. मथुरे, अ. उ. आ.

बदाम खाणं बंद कर.

काल रविवारी बसले. मनात तुझंच पत्र. आणि काय सांगू, काल पहिल्यांदा मला सगळं कळलं! त्याच्या आधीच्या रविवारी म्हातारा जिवंत परत येऊन दारात उभा राहिला होता (हो, जिवंत आहे मेला, हार फुकट गेला), आणि काल तिथूनच, त्याच उंबऱ्यावरून गोष्ट सुरू झाली. मधला एक घासही सुटला नाही. मी म्हटलं, आजच कसं जुळलं? मग आठवलं, तू बघायची बंद केलीस.

तुझी दोन पत्रं आणि माझ्या पत्राची कच्ची प्रत शेजारी शेजारी मांडली. वाढदिवस तुझ्याकडे, दरी माझ्याकडे. हार तुझ्याकडे, पोलीस माझ्याकडे. गजाआडचा डॉक्टर तुझ्याकडे, म्हाताऱ्याचं परत येणं माझ्याकडे. तू दुपारी बघायचीस, मी संध्याकाळी. मथुरे, तुझं जे हरवलं ते सगळं माझ्याकडे होतं गो!

शर्मिलेला दाखवलं तर ती हसत खाटेवरच बसली. म्हणाली की सिद्धेशने दोन्हीकडे एकच नाव घातलंय. तू एक भाग पाहिलास की माझ्याकडे पुढचा लागतो, मी पाहिला की तुझ्याकडे त्याच्या पुढचा. टीव्हीला वाटतं आपण दोघी म्हणजे एकच म्हातारी.

तुझं डोकं शाबूत आहे. माझंही. आईसारखं काही झालेलं नाही. कुडाळचा नंबर रद्द कर.

शर्मिला दोन वेगळी नावं घालून देते म्हणाली. मी नको म्हटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे. मीच येते. सगळ्यांनी हळू बोललं तरी चालेल, मी तुझं तोंड बघेन.

आशीर्वाद आहेतच, उरलेले समोर देईन.
नर्मदा

॥ श्री ॥
मालवण, १५ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर गप्प झालं. कसं नाही होणार? तू खालची अक्षरं मला वाचून दाखवत होतीस, मला ऐकू येत असूनही, आणि आवाज एवढा चढवलास की पूजा कुंपणावरून विचारत होती की काकी, पोलीस खंय इलेत.

तरी पहिल्या भागापासून पुन्हा बघताना मजा आली. तुझी दरी मी पाहिली, माझा केक तू पाहिलास. थोरल्या सुनेवरून मात्र आपलं जमलं नाही. तू म्हणतेस घर सांभाळते, मी म्हणते दुधात काहीतरी आहे. एका म्हातारीची दोन मतं, टीव्ही काय समजायचं ते समजू दे. आणि घावन वाढताना रश्मी काय बोलली ते तुला कळलं नाही, तेव्हा तू हसली नाहीस, सरळ विचारलंस की काय म्हणालीस. मी पाहिलं ते.

उरलेले बदाम तुझ्या पिशवीत घातलेत, शर्मिलेला दे.

आठवा भाग तू पुढच्या वेळी बघू म्हणालीस म्हणून ठेवला आहे. रिमोट तांदळाच्या डब्यात, कुणी दाबायला नको. तू नि शर्मिला सत्तावीसला येता, वसुबारसेच्या आदल्या रविवारी, सकाळच्या गाडीने. रश्मीने कॅलेंडरवर लिहिलंय. मी त्याच्याखाली माझ्या मुंगीच्या अक्षरात पुन्हा लिहिलं. विसरेन म्हणून नव्हे. येता-जाता बघायला बरं वाटतं.
मथुरा