घटस्थापनेच्या सकाळी विहिरीत टाकलेलं औषध

ताई, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होतील. तिकडे नॉर्वेत तुमच्या माघारी मराठी वाचणारं कोणी नाही, तरी मराठीतच लिहिते. आपली ओळख याच भाषेत झाली. तुम्ही परदेशातून सेवेला आलेल्या नर्स, मी नुकतीच बी.ए. झालेली. उमरग्याजवळच्या त्या गावात आपण दोघी स्वयंसेविका म्हणून एका शिंप्याच्या घरी राहिलो. मी तुमचं मराठी सुधारायची आणि तुम्ही ते शिंप्याच्या बायकोकडून, आपल्या चाचींकडून, पुन्हा बिघडवून आणायचात. "लई म्हणू नका, खूप म्हणा," असं मी दटावलं की तुम्ही म्हणायचात, "खूप लोकांना लईच कळतं."

त्या वर्षी पाऊस सरता सरता शेजारच्या गावात पटकीनं, कॉलऱ्यानं, दोन माणसं गेली. आपल्या गावाला प्यायची विहीर एकच. तिच्यात लाल औषध टाकायचं काम आपलं. सकाळी लवकर तुम्ही ते टाकलंत, बादली मी धरली होती. तासाभरात विहिरीवर सगळ्या बायका गोळा झालेल्या. पाटलांच्या आई, गावाच्या आक्का, कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत. "आज घट बसायचे. घटाला पानी कुठनं आणू बाई? तुमच्या देशातनं?" चाचीही कपाळावर हात मारतात, "दवा अच्छीच है आक्का, पर आजच कायकू?" मागून कोणी म्हणालं, "ह्यान्ला मोटारीत बसवून द्या." आपण गेलो असतो तर औषधही गेलं असतं आणि पटकीला गाव मोकळं झालं असतं.

मी जंतूंवर भाषण द्यायला तोंड उघडलं. तुम्ही माझा हात दाबलात आणि म्हणालात, "आक्का, लई चुकलं माझं. आधी विचारायला पाहिजे होतं." मला संताप आला. शिकलेल्या माणसानं चूक नसताना का वाकावं?

मळ्यातली विहीर कोसभर लांब. तुमच्या हातचं पाणी घटाला चालणार नव्हतं, म्हणून तुम्ही आक्कांचा नातू कडेवर घेतलात. त्यांच्या सुनेला दोन घागरी उचलता याव्यात एवढ्यासाठी. मग आक्का माझ्याकडे वळल्या. "आन् तू गं? तुजं हात बी परदेशी हायत का?" मी जन्मात डोक्यावर घागर घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. अर्धी पाठीवर सांडली आणि बायका वाटभर हसत होत्या, "बीए गळायलीय बघा!"

दसरा होताच पुढच्या खेपेच्या औषधासाठी आक्कांनी स्वतः बोलावून घेतलं. "टाका आता. पन दोन दिस आधी सांगत जावा." तोवर चाचींनी घरोघर फिरून बायकांना पाणी उकळायला लावलं होतं. आपल्या गावात पटकी शिरली नाही. याचा मला आजही अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पुढे मी शाळा तपासत जिल्हाभर हिंडले. कडक बाई म्हणून मास्तर मला घाबरत, पण गावातल्या बायकांना विचारल्याशिवाय मी कुठलंही काम सुरू केलं नाही. ते तुमचं देणं. आणि तुम्ही तिकडच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांशी 'तुझ्यासारखी' भांडलात, हे तुमच्या पत्रात वाचून मी दिवसभर खुशीत होते.

त्याच पत्रात तुम्ही लिहिलं होतं, "माझी चूक आपली मानून त्या दिवशी तू घागर उचललीस, हे मी विसरणार नाही." उत्तरात मी ढोकीच्या साखर कारखान्याबद्दल दोन पानं लिहिली.

ताई, बादली भरताना तुम्ही मला विचारलं होतं, "आज गावात काही आहे का?" आमच्या घरीसुद्धा घट बसतात. मला माहीत होतं. मी म्हटलं, "काही नाही, टाका." खरं सांगितलं असतं तर तुम्ही आक्कांना विचारायला गेला असतात, आणि मला तेच नको होतं.