हरभऱ्यात उतरलेलं विमान

मुक्काम धामणगाव बढे,
अंगणवाडीची ओसरी, दुपारची वेळ

माझी गुणाची आणि फोटोत दर वेळी आणखी वाळलेली दिसणारी नात महामाया हिला,

चांगुणाआजीचा जय भीम आणि दोन्ही गालांचा मुका. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, शेळी बरी आहे, तुझ्या आबांचे गुडघे बरे आहेत. माझे गुडघे वयानं त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण कुरकुर त्यांचीच जास्त. तू नागपुरात वेळेवर जेवतेस ना? मेसमधली भाजी पातळ असते असं तू म्हणालीस, तेव्हापासून भाजीत पाणी ओतताना माझा हात आखडतो. त्याचा फायदा आबांना होतो आहे, तुला नाही, हे मला कळतं.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. घरात फोन असताना पत्र कशाला, तर फोन आबांचा आहे. ते स्पीकर लावून मधोमध बसतात, तू मला विचारतेस आणि उत्तर ते देतात. म्हणून शेजारच्या वैष्णवीला धरलं. अंगणवाडीची पोरं घरी गेली की ती माझं लिहून घेते (तिच्या सासूची समजूत अशी की ती सरकारी माहिती भरते आहे). मी बोलते आपलं वऱ्हाडी आणि ती लिहिते शाळेतलं. मी म्हटलं, माझं बोलणं तू खुशाल धुऊन-पुसून लिही, मला कुठं वाचता येतंय. पण दुसरं कोणी बोललं तर ते जसं बोललं तसंच ठेव.

आता कबुली. तुझ्या कॉलेजातली ती विमानांची स्पर्धा झाल्यावर एक खोकं उरलं होतं, ते तू उन्हाळ्यात कपाटावर ठेवून गेलीस आणि मला बजावलंस, की आजी, याले कोणाले हात लावू देऊ नोको. मी लावू दिला नाही. आबांनी मला विचारलंच नाही. दिवाळीच्या सुमारास मी शेतातून आले तर खोकं उघडं, आणि माझ्या पापडाच्या पाटावर चादरीएवढा नकाशा टाचण्यांनी ठोकलेला. खोक्यात पातळ लाकडाच्या पाट्या, त्यात कापून ठेवलेल्या बोटभर फासळ्या, तारा, एक मोटर, एक पंखा, एक रिमोट. ते लाकूड इतकं हलकं, की हातात धरलं तरी धरल्यासारखं वाटेना. आबा म्हणाले, "मायूले वेळ कुठं भेटते? मी जोडून ठेवतो, पोरगी खूश होईल." एकतीस वर्षं राजूर घाटातून एसटी काढलेल्या माणसाला वाटतं, की ज्याला चाकं आहेत ते सगळं आपलंच आहे.

मग अडीच महिने घरात विमान आणि आम्ही ओसरीत. फासळ्या घासायला त्यांना पॉलिशपेपर लागे, त्याचा भुगा वरणावर बसे, आणि मी वरण ढवळलं की ते ओरडत, अवं, फुकू नोको, फासळ्या उडतात! गोंद तर असा, की बोट टेकलं की लग्न लागलं. एकदा किसनराव पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तेव्हा आबांचा उजवा हात डाव्या पंखाला चिकटलेला होता. त्यांनी पत्रिका डाव्या हातानं घेतली, चहा डाव्या हातानं प्याले, आणि पाऊण तास मांडीवर पंख घेऊन हुंड्याच्या विरोधात बोलले. किसनरावांना निरोप द्यायला उठले तेही पंखासकट. (वैष्णवी हसते आहे, म्हणून इथं अक्षर हललं असेल.)

आता मुद्द्याची गोष्ट, नीट ऐक. काम चालू असताना आबांच्या तक्रारी सुरू झाल्या. आधी म्हणाले नकाशाची शाई फिकी आहे. मग म्हणाले बल्ब मंद आहे, तो बदलला. मग म्हणाले गोंदाच्या वाफेनं डोळे चुरचुरतात. मग दिवसा ओसरीत बसून म्हणाले, यंदा ऊनच कमी पडून राह्यलं. उजव्या पंखातली सहावी फासळी उलटी बसली होती, ती मी बोटं फिरवून शोधली. त्यावर मला म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" आणि मी झोपल्यावर गुपचूप सरळ केली.

वरचं आवरण चढवायचं काम माझं. ते प्लास्टिक इस्त्रीनं चिकटवायचं असतं, आणि इस्त्री आबांनी आयुष्यात खाकी पँटच्या पलीकडं मारलेली नाही. खोक्यात तीन रंगांच्या गुंडाळ्या होत्या, पिवळी, लाल आणि निळी. मी म्हटलं पिवळी लावू. आबा म्हणाले, आपल्या घरचं पहिलं विमान आहे, निळंच पाहिजे. मलाही ते पटलं, आणि मी नाकापासून शेपटीपर्यंत असं छान निळं केलं की वस्तीतल्या बाया हात लावून पाहून गेल्या. आभाळही निळं असतं ही गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही.

नाक वर उचलत होतं, म्हणून आबांनी बसच्या चाकाला तोलासाठी लावतात तो शिशाचा तुकडा नाकात घातला (सेवानिवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, यांनी शिसं आणलं होतं). मग किसनरावांच्या मोकळ्या वावरात, सोयाबीन निघून रिकामं पडलं होतं तिथं, सकाळी वारा पडलेला असताना आम्ही जायला लागलो. विमान फेकायचं काम कंडक्टरचं, म्हणजे माझं. आबा विमानाभोवती एक फेरी मारत, वाटाण्याएवढी चाकं बुटानं ठोकून पाहत आणि म्हणत, "दे डबल!" मी 'टिंग टिंग' म्हणून चार पावलं पळे आणि सोडून देई. पहिल्या दिवशी ते ढेकळात घुसलं. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी उडालं, बाई! मी खोटं बोलत नाही, मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. पण ते आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं. आबा म्हणाले, मी आत बसेल असतो तं हे झालंच नसतं. त्यावर त्यांनी तोड काढली. विमानाकडं पाठ करून उभं राहायचं आणि खांद्यावरून मागं पाहायचं, बस मागं घेताना पाहतात तसं. सगळं गाव बघायला येऊ लागलं, विमान बघायला की आबांची पाठ, ते मी विचारलं नाही.

मागच्या रविवारी विमान खूप उंच गेलं. आबा रिमोटच्या काड्या हलवत होते, आणि वर ते झकास गोल फिरत होतं. डावीकडं म्हटलं डावीकडं, उजवीकडं म्हटलं उजवीकडं. आबा इतके खूश, की पाठ करणं सोडून सरळ उभे राहिले. म्हणाले, "पाह्य चांगुणा, कशी वळून राह्यली! घाटात गाडी पण अशी वळत नव्हती." मग त्यांनी ते खाली आणायला घेतलं, तर ते खाली येईना. उलट आणखी वर गेलं. "बॅटरी उतरली वाटते," म्हणाले. तेव्हा मागून वस्तीतली कलाबाई बोलली (तिला कुठं बोलावं आणि कुठं नाही हे कधीच कळलं नाही), "जानरावभाऊ, तुमच्या इमानानं आत्ता पंख फडफडवले ना बाप्पा! अन् थे तिकडं हरभऱ्यात निळं-निळं काय पडेल हाय?"

वर घार होती, महामाया. तुझे आबा घार चालवत होते. विमान केव्हाच शेजारच्या हरभऱ्यात उतरलं होतं, उजवा पंख आणि नाकावरचा पंखा मोडून.

लोक हसले, मीही हसले. मग आबांकडं पाहिलं आणि थांबले. त्यांनी रिमोट रुमालानं पुसला, पिशवीत ठेवला, आणि विमान न घेताच घरी चालू लागले. जेवताना मला विचारलं, "चांगुणा, तुले दिसत होतं काय वं?" मी म्हटलं, "हाव, मले तं सारं दिसत होतं." त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कोटाचा खिसा तपासला. मागं गावात डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या, तेव्हा यांना एक कागद मिळाला होता, आणि यांनी मला सांगितलं होतं की त्यावर थेंबांच्या औषधाचं नाव आहे. मला वाचता येत नाही, तर कागद माझ्यापासून लपवावाही लागला नाही! तो मी वैष्णवीकडून वाचून घेतला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लवकर करा, असं आहे. मी समोर धरला तर म्हणाले, "डायवर आत बसेल असताना कोणी समोरची काच बदलते काय?" घाटात ब्रेक गेलेली गाडी ज्यांनी डोंगराला घासून थांबवली, त्यांना सुईची भीती वाटते. आता ते बाहेर पडत नाहीत. मोडका पंख मांडीवर घेऊन बसतात, आणि विचारलं की म्हणतात रंग चुकला.

तर तुझ्याकडं एवढंच मागणं, की एक उजवा पंख आणि एक पंखा पाठव. खोक्यातली पिवळी गुंडाळी मी काढून ठेवली आहे. निळा अगदी सोडायचा नाही, शेपटीला ठेवू. खोक्याला हात लावला म्हणून रागावायचं असेल तर आबांवर रागव, मी फक्त इस्त्री केली.

जेवत जा. केसांना तेल लाव.

तुझी आजी चांगुणा (हा अंगठा माझाच आहे, निळा दिसतो कारण शाई निळी आहे)

ता.क. पंख लगेच पाठवू नकोस. फोन करून आबांना सांग, की पंख तयार आहे, पण डोळ्याचं झाल्यावरच मिळेल, कंपनीचा तसा नियम आहे. कुठल्या कंपनीचा ते सांगू नकोस. नियम म्हटलं की ते ऐकतात.

पुन्हा ता.क. वैष्णवीनं मलकापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नाव घातलं आहे, येत्या महिन्याचा दुसरा मंगळवार. तू ये.

आणखी एक. हे लिहू का म्हणून वैष्णवी दोनदा विचारते आहे. लिही गं. मला काही दिसत नव्हतं, महामाया. मोटरचा आवाज थांबला म्हणून मला कळलं की वरचं ते आपलं नाही, आणि आबा इतके खूश होते की मला सांगवेना. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी कागद दोघांनाही दिला होता. माझा मी ज्वारीच्या कोठीत खुपसला. तोही आता वैष्णवीनं वाचला आहे आणि मंगळवारी दोन नावं आहेत, माझं आधी. निघताना आबांना वाटेल की मी नुसती सोबत म्हणून चालले आहे. मी आत गेले की तेही येतील, मला एकटीला ते कुठं जाऊ देत नाहीत. पण तू ये, बाई. दवाखान्यातून परत येताना बसस्टँडवर पाटी वाचायला कोणीतरी पाहिजे. मला ती कधी वाचता आली नाही, आणि त्या दिवशी त्यांनाही येणार नाही.